पहिल्या पानाची हमी

वेबसाइट करून घेताना रंग कुठला, फोटो किती, लोगो कसा यावर आपण तासन्‌तास बोलतो. डोमेन कुणाच्या नावावर नोंदवलं जाणार, हे विचारायचं मात्र सहसा कुणाला सुचत नाही. गुहागरला आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. चार खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की समुद्र. तिची साइट एका एजन्सीने केली. डोमेन, होस्टिंग, गुगलच्या नकाशावरचं आमच्या घराचं खातं, सगळं त्यांनी स्वतःच्या ईमेलवर काढलं. बिलं आमच्या नावाची, मालकी त्यांची. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं तोवर कळायचं कारणच नव्हतं. बिनसल्यावर प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जाऊ लागला आणि आमचाच फोन नंबर बदलायला आम्हाला त्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या.

म्हणून ‘साइट वर आणायची तर सुरुवात कुठून करू’ असं कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, आणि नूतनीकरणाचे पैसे तुमच्या खात्यातून. गुगल बिझनेस प्रोफाइलचे, म्हणजे नकाशावरच्या त्या खात्याचे, मुख्य मालक तुम्ही. एजन्सीला हवं तर मॅनेजर करा, म्हणजे काढता येतं. सर्च कन्सोलचंही तसंच. हे सर्च कन्सोल फुकट असतं आणि आपली साइट गुगलला कशी दिसते, लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात, काही आक्षेप आहे का, हे सगळं त्यात कळतं. आमच्या साइटबद्दल गुगलने पाठवलेला इशारा त्यातच पडून होता. तो आम्हाला दिसला नाही, कारण ते खातंच आमच्याकडे नव्हतं.

आता शीर्षकातल्या त्या हमीबद्दल. ‘सहा महिन्यांत पहिल्या पानावर, लेखी देतो’ असं एजन्सीचं म्हणणं होतं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. पण हमी लेखी असली की आपल्याकडे माणूस अर्धा विरघळतो. दर महिन्याला रंगीत आलेखांची पीडीएफ यायची, सगळे बाण वर. एकदा निवांत बसून ती वाचली. आम्ही पहिल्या क्रमांकावर होतो ते ‘गुहागर बेस्ट बजेट व्हेज होमस्टे सी टच निअर टेंपल’ या शब्दांसाठी. अहो, पण असं टाइप कोण करतं? दुसरा पहिला क्रमांक आमच्या स्वतःच्या नावाचा होता. ज्याला आपलं नाव माहीत आहे तो आपल्याला शोधून काढणारच, त्यात एजन्सीचं कर्तृत्व काय! असा अहवाल आला की एकच विचारा: या शब्दांनी महिन्याला किती जण शोधतात आणि त्यातले किती जण आपल्या पानावर आले? सर्च कन्सोलमध्ये दोन्हीचा अंदाज मिळतो. आपल्याच फोनवर शोधून ‘आलो की वर’ म्हणणंही फसवं असतं. फोन कुठे आहे आणि त्यावर आधी काय पाहिलंय, यावर समोरचे निकाल बदलतात.

एजन्सीने नेमकं काय केलं होतं, ते माझ्या पुतण्याने उघडं केलं. साइटच्या तळाशी बरीच पांढरी जागा होती, मला वाटायचं डिझाइनच तसं असेल. त्याने माऊसने ती जागा वरपासून खालपर्यंत निवडली, तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं उमटली. बीच रिसॉर्ट, स्विमिंग पूल, हनिमून सूट, शिवाय आसपासच्या दोन-तीन घरगुती निवासांची नावं. आमच्याकडे पोहायला विहीर आहे, तीही पाहुण्यांना बंद. वाचणाऱ्याला दिसू नये आणि गुगलला दिसावी म्हणून लपवलेली ही अक्षरं गुगलच्या स्पॅम धोरणात सरळ निषिद्ध आहेत. जोडीला ‘पुण्याहून गुहागर’, ‘नाशिकहून गुहागर’, ‘कोल्हापूरहून गुहागर’ अशी पानंच्या पानं. मजकूर अक्षर न् अक्षर तोच, फक्त शहराचं नाव बदललेलं. यांना डोअरवे म्हणतात आणि तीही चालत नाहीत. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट अशाच प्रकारासाठी गुगलने काही काळ निकालांतून काढून टाकली होती. तिथे आमच्या चार खोल्यांची काय कथा.

तिसरा प्रकार विकतच्या लिंक्सचा. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जी पद्धत मांडली तिचा गाभा असा, की दुसऱ्या पानाने आपल्या पानाला लिंक दिली म्हणजे त्याने आपल्यासाठी शब्द टाकला. स्थळाच्या चौकशीत चार जाणत्या घरांनी ‘माणसं चांगली आहेत’ म्हटलं की वजन पडतं, तसंच हे. वजन आहे म्हटल्यावर बाजार उभा राहिला आणि लिंक्स घाऊक भावात मिळू लागल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणून अशा साइट्सना खाली ढकललं, आणि पुढच्या वर्षांत बहुतेक विकतच्या लिंक्सकडे ते दुर्लक्षच करू लागले. म्हणजे पैसे जातात आणि पदरात काही पडत नाही. प्रकार फार उघड असला तर गुगलचा माणूस तपासून कारवाईही करतो, तिला मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. आम्हाला लिंक्स होत्या ऑनलाइन जुगाराच्या, टायरच्या आणि कुठल्या तरी परदेशी औषधांच्या साइट्सवरून. उकडीच्या मोदकांची शिफारस टायरवाल्याने का करावी, हा प्रश्न गुगललाही पडलाच. ऐन मे महिन्यात, खोल्या अपुऱ्या पडतात त्या दिवसांत, आमचा फोन गप्प झाला.

यातून बाहेर येता येतं, पण क्रम पाळावा लागतो. आधी खात्यांचा ताबा घ्या. डोमेन दुसरीकडे हलवायला ऑथ कोड लागतो, तो पैसे थकवून भांडण्यापेक्षा हिशेब चुकता करून मागितला तर लवकर मिळतो, असा माझा अनुभव. मग लपवलेला मजकूर आणि एकसारखी पानं काढून टाका. लिंक्स जिथून काढून घेता येतील तिथून काढा. उरलेल्या मोजू नका म्हणून त्यांची यादी डिसअवाव टूलमधून गुगलला कळवता येते. शेवटी फेरविचाराची विनंती. तीत रडगाणं नको. काय होतं, काय काढलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, एवढंच लिहा. उत्तराला दिवस लागतात, कधी आठवडे. कारवाई उठली म्हणजे जुनी जागा परत मिळते असंही नाही, कारण ती जागा मुळात फुगवलेली होती. आणि हो, गुगलकडून इशारा आलेला नसेल तर डिसअवावच्या वाटेला जाऊ नका. नीट न कळता वापरलं तर चांगल्या लिंक्सही हातच्या जातात.

मराठी साइटवाल्यांसाठी आणखी एक खोच आहे, ती इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. आमचं जुनं पत्रक चिपळूणच्या छापखान्यात कोरलड्रॉवर, श्रीलिपीच्या फाँटमध्ये झालेलं. साइटवर मराठी मजकूर म्हणून तेच पान चित्र करून चिकटवलं होतं, आणि एक-दोन ठिकाणी तो जुना फाँट तसाच घातला होता. युनिकोड येण्याआधीच्या अशा फाँटमध्ये डोळ्यांना ‘सोलकढी’ दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा साठवलेला असतो. शोधणाऱ्याची ‘सोलकढी’ आणि आपली ‘सोलकढी’ यांची गाठच पडत नाही. ओळखायचं कसं? आपल्या पानावरची एक ओळ बोटाने दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. चिन्हं उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. ओळ निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. तो मजकूर पुन्हा टाइप करा. आमच्या साइटवर एवढ्या एका कामाने मराठीतून शोधत येणारी माणसं दिसू लागली, आधी ती जवळपास नव्हतीच.

लेख लिहून देणारेही भेटतील. मला एकाने महिन्याला शंभर लेख देऊ केले, एआयने लिहिलेले. नमुन्यात ‘गुहागर रेल्वे स्टेशनवर उतरून रिक्षाने दहा मिनिटांत’ असं वाक्य होतं. गुहागरला रेल्वे नाही. कोकण रेल्वेने चिपळूणला उतरायचं आणि तिथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर एसटीने नाही तर गाडीने यायचं. तो लेख मी टाकला असता तर बॅगा घेऊन चार माणसं मलाच शिव्या देत बसली असती. मार्च २०२४ पासून केवळ निकालांत चढण्यासाठी असा घाऊक मजकूर ओतणं गुगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतं, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने.

मग लिहायचं काय? सर्च कन्सोलमध्ये लोकांनी टाइप केलेलं वाचा, बहुतेक विषय तिथेच मिळतात. आमच्याकडे लोक विचारत होते: दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी जाते का, गणपतीपुळ्याहून तवसाळमार्गे येता येतं का, हेदवी आणि वेळणेश्वर एका दिवसात होतं का, एकादशीला उपवासाचं मिळतं का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायऱ्या किती चढाव्या लागतात. यातल्या कशाचंच उत्तर साइटवर नव्हतं. ‘निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव’ मात्र तीन वेळा होतं. मी फेरीबोटीचं एक पान लिहिलं. गाडी कशी चढवायची, सुट्टीच्या दिवशी रांग कुठवर येते, पावसाळ्यात आधी फोन का करावा. पायऱ्यांचं तर सरळ लिहिलं, की वरच्या दोन खोल्यांना जिना आहे आणि खालच्या दोन सपाटीवर आहेत. आज आमच्या साइटवर सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान फेरीबोटीचं आहे. ते वाचून सगळेच आमच्याकडे उतरतात असं नाही. पण जे फोन करतात ते ‘तुमचं वाचलं’ म्हणून करतात, आणि मग घासाघीस कमी होते.

बाकी किरकोळ. फोनवर काढलेले पाच-सहा एमबीचे फोटो तसेच चढवू नका. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा ही गुगलची अपेक्षा आहे, आणि घाटातल्या रेंजवर पान उघडणाऱ्या पाहुण्याचीही. वर्डप्रेसची साइट नव्याने केली असेल तर रीडिंगच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवणारी टिक काढली आहे ना, ते बघा. काम चालू असताना ती मुद्दाम लावतात आणि नंतर विसरतात. पानांचे पत्ते बदलले तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावून घ्या. नकाशावरची पिन स्वतः चालत जाऊन तपासा. आमची शेजारच्या वाडीत होती आणि रात्री उशिरा येणारी कुटुंबं तिथल्या कुत्र्यांना जागं करत होती. पाहुण्यांना अभिप्राय लिहायला जरूर सांगा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका आणि विकतचे तर मुळीच घेऊ नका. दोन्ही नियमात बसत नाही. ‘गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे’ असा फोन आला तर ठेवून द्या, ते प्रोफाइल फुकट असतं. आणि जाहिरातीला पैसे भरले म्हणून खालच्या, बिनपैशांच्या निकालांत कुणी वर जात नाही.

एजन्सी नकोच असं माझं म्हणणं नाही. रीडायरेक्ट आणि साइटमॅप मला जमले नाहीत. चिपळूणच्या एका मुलाने करून दिले, कामाचे पैसे घेतले आणि मासिक पॅकेजचं नावही काढलं नाही. ‘गुहागर होमस्टे’ एवढंच शोधलं तर आजही मोठ्या बुकिंग कंपन्याच वर असतात आणि पुढेही राहतील. त्यांच्याशी तिथे झगडण्यात माझ्यासारखीचे पैसे फुकट जातील. त्यांच्यावरही मी दोन खोल्या लावल्या आहेत, कमिशन देऊन. उरलेल्या दोन फेरीबोटीच्या पानावरून भरतात.