विम्याचा दावा आणि आपली साक्ष

गाडीच्या आणि घराच्या विम्याविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेकांचा रोख एकच असतो : विमा जाइज आहे की नाही? प्रश्न रास्तच आहे. मात्र अपघात किंवा पुरानंतर दाव्याच्या अर्जावर सही करताना जो प्रश्न उभा राहतो, तो फार थोडे जण विचारतात.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे. हनफी फकीह इब्ने आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकातच जहाजांच्या विम्याची चर्चा केली होती. १९८५ साली जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विम्याच्या करारात मोठा घरर, म्हणजे अनिश्चितता, असल्याने तो नाजाइज ठरविला आणि परस्पर सहकार्याचा विमा हा पर्याय सांगितला. आपल्या देशात अशी तकाफुलची सोय सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. कायद्याची ही सक्ती उलमा विचारात घेतात. स्वेच्छेने घेतलेल्या विम्याबाबत मात्र मतभेद आहेत. आपली परिस्थिती मुफ्तींसमोर पूर्णपणे मांडून मार्गदर्शन घ्यावे.

थर्ड पार्टी विम्यातून आपली गाडी दुरुस्त होत नाही. आपल्या गाडीमुळे ज्याला इजा झाली, ज्याचा जीव गेला किंवा ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, त्याची भरपाई त्यातून होते. सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठीही वारसांना दियत देण्याचा आदेश आहे. ही दियत एकट्या माणसाच्या कुवतीबाहेरची असे, म्हणून ती त्याचे आकिला, म्हणजे नातलग व कबिला, मिळून भरीत. यावरून विमा न उतरविता गाडी चालविणाऱ्याने विचार करावा : उद्या त्याच्या हातून एखाद्या घरचा कर्ता गेला, तर त्या अनाथांचा हक्क तो कशातून देणार?

आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळण्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते, पण तिलाही मर्यादा आहेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा वेळी पाण्यात उभ्या गाडीची किल्ली फिरवू नये. इंजिनात पाणी ओढले जाते, आणि त्या नुकसानीचा दावा साध्या पॉलिसीत सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण वेगळे घ्यावे लागते. गाडी आहे तशी ठेवावी, छायाचित्रे काढावीत, कंपनीला त्वरित कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहिल्यानंतरच ती गॅरेजमध्ये उघडू द्यावी.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड यांचा तिच्यात समावेश आहे. विम्याची रक्कम ठरविताना जमिनीचा भाव धरायचा नसतो, पुन्हा बांधकामाला येणारा खर्च धरायचा असतो. घरातील सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते. साधी घरफोडी तिच्यात येत नाही. आग किंवा पुरासारख्या आपत्तीनंतर सात दिवसांत झालेलीच चोरी येते. अनेकांना हे दाव्याच्या वेळीच कळते.

आता सहीकडे वळू. गाडी परवाना नसलेला धाकटा भाऊ चालवीत होता, अर्जात नाव मात्र थोरल्याचे लिहिले जाते. गॅरेजवाला सुचवितो, ‘जुना पोचाही यातच घालू.’ पुरात वाहून गेलेल्या सामानाच्या यादीत कधीच न घेतलेला फ्रीज येतो. नव्या कंपनीकडे जाताना मागचा दावा लपवून नो क्लेम बोनस घेतला जातो. ‘कंपनी तरी कुठे प्रामाणिक आहे?’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. ते खोटेही नव्हते. तरी ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून आपण (स.) यांनी फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. तिथे भाव वाढविलेला नव्हता, केवळ ओल झाकलेली होती. थोरल्याचे नाव लिहिणे ही तर उघड खोटी साक्ष आहे, आणि ती पकडली गेली तर खरा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

याचा अर्थ आपला हक्क संकोचाने सोडून द्यावा असा मुळीच नाही. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकिलाचीही गरज नाही. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

भरलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त रक्कम हाती आली तर काय करावे, असेही विचारले जाते. भारतातील अनेक मुफ्तींच्या मते हप्त्यांइतकी रक्कम स्वतःसाठी वापरावी आणि वरची रक्कम सवाबची नियत न करता गरजूंना द्यावी. ज्यांनी व्यापारी विम्याला गरजेपोटी सवलत दिली आहे, ते प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई घेण्यास हरकत मानत नाहीत. आपण ज्या मुफ्तींवर विश्वास ठेवता त्यांना हप्ते किती भरले, नुकसान किती झाले आणि रक्कम किती मिळाली, हे तिन्ही आकडे लिहून द्यावेत.