फायबरच्या मोडेमजागी स्वतःचा राऊटर : बदलण्याआधी समजून घेऊया



आज विषय थोडा तांत्रिक आहे, पण घराघरात आणि शाळाशाळांत उपयोगी पडणारा आहे. फायबरचं इंटरनेट घेतलं की कंपनी एक पांढरा किंवा काळा डबा भिंतीवर लावून देते. आपण त्याला कधी मोडेम म्हणतो, कधी राऊटर. वायफाय पोहोचत नाही म्हणून बरेच जण बाजारातून स्वतःचा राऊटर आणतात. मीही आणला होता, आणि त्या नादात शाळेचं नेट दोन दिवस बंद पाडलं होतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हा लेख.

माझी चूक काय झाली?

आमच्या शाळेत डबा ऑफिसमध्ये आणि चौथीचा वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दगडी भिंती. दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ लावला की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. मुलं म्हणायची, "बाई, आजपण नाही का?" म्हणून मी नवा राऊटर घेतला. जुन्या डब्यातली हिरव्या टोकाची बारीक वायर काढली आणि नव्या राऊटरला लावायला गेले, तर ती बसेचना! त्या खटपटीत वायरच्या टोकाला बोटं लागली. वायर परत जुन्या डब्यात घातली, तर त्यावर लाल दिवा. दोन दिवसांनी लाईनमन दादा आले, त्यांनी टोक साफ केलं आणि दोन मिनिटांत नेट सुरू झालं.

हा डबा म्हणजे एकशिक्षकी शाळा

एकशिक्षकी शाळेत एकच गुरुजी शिकवतात, पोषण आहार बघतात आणि ऑफिसचं कामही करतात. या डब्याचंही तसंच आहे. तो तीन कामं करतो.

१. प्रकाशाचं विजेत रूपांतर : फायबरमधून प्रकाश येतो. तो ओळखून त्याचे विजेचे संकेत करणाऱ्या भागाला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात.
२. वाटप : आलेली माहिती मोबाईलची, टीव्हीची की संगणकाची हे ठरवून पाठवणं. हे राऊटरचं काम.
३. वायफाय : बिनतारी लहरी सोडणं.

आपण आणलेला साधा राऊटर दुसरं आणि तिसरं काम करतो. पहिलं काम त्याला येतच नाही. म्हणून मोडेम काढून टाकायचा नाही, त्याच्याकडची फक्त दोन कामं काढून घ्यायची. शाळेत दुसरे शिक्षक आले तरी चार्ज पहिल्या गुरुजींकडेच राहतो ना, तसंच!

आणखी एक कारण आहे. कंपनीकडून निघालेली एक फायबर वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांपर्यंत जाते. कोणता डबा कोणत्या ग्राहकाचा हे कंपनी त्याच्या नोंदवलेल्या क्रमांकावरून ओळखते. त्यामुळे बाजारातून दुसरा ओएनटी आणून लावला तरी कंपनीने नोंद केल्याशिवाय तो चालत नाही.

बदल करण्याच्या पायऱ्या

१. आधी कंपनीला फोन करा. चार गोष्टी विचारा : मोडेम ब्रिज मोडवर करून मिळेल का? पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड काय? व्हीलॅन क्रमांक लागतो का, आणि तो कुठे टाकायचा? याच डब्यावर लँडलाईन किंवा टीव्ही असेल तर तो चालू राहील का? उत्तरं वहीत लिहून ठेवा.
२. मोडेमच्या सेटिंगचे आणि मागच्या लेबलचे फोटो काढा. मोडेमवरचं रिसेटचं बटण दाबू नका. कंपनीने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते.
३. फायबरची वायर आहे तिथेच राहू द्या. ती जोरात वाकवू नका. तिच्या टोकात डोळा लावून तर अजिबात बघू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.
४. ब्रिज मोड झाल्यावर मोडेमचं वायफाय बंद करा. मोडेमच्या लॅन पोर्टमधून राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये केबल जोडा. ही साधी केबल १०० मीटरपर्यंत चालते. आम्ही ती व्हरांड्यातून नेली आणि राऊटर चौथीच्या वर्गाशेजारी लावला.
५. राऊटरमध्ये पीपीपीओईची माहिती भरा. काही कंपन्यांना ती लागत नाही, तिथे डीएचसीपी निवडायचं.
६. राऊटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड लगेच बदला. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा. शाळेच्या नेटवर मुलं असतात, हे विसरून चालणार नाही.

ब्रिज मोड मिळाला नाही तर?

तरीही मार्ग आहे. आपला राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका आणि मोडेमला केबलने जोडा. वाटप मोडेम करील, वायफाय आपला राऊटर देईल. हा मोड न वापरता एकामागे एक दोन राऊटर चालवले तरी अभ्यासाचे व्हिडिओ चालतात, पण बाहेरून सीसीटीव्ही बघताना अडचण येऊ शकते. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आपल्या राऊटरचा बदलून १९२.१६८.२.१ करा, नाहीतर गोंधळ होतो.

खरेदीपूर्वी लक्षात ठेवा

नवा राऊटर प्लॅनचा वेग वाढवत नाही. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि राऊटरचे पोर्ट १०० चे असतील तर उलट वेग निम्म्यावर येईल, म्हणून गिगाबिट पोर्टचा घ्या. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतीपलीकडे जास्त पोहोचतं, ५ गिगाहर्ट्झचं जवळ जास्त वेग देतं. आणि जुना डबा बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो, कनेक्शन बंद करताना परत द्यावा लागतो.

वर्गात करून बघा

पारदर्शक बाटलीच्या बुडाजवळ छोटं भोक पाडा. पाणी भरून खोलीत अंधार करा. भोकासमोरच्या बाजूने टॉर्च मारा. बाहेर पडणाऱ्या वाकड्या धारेतून प्रकाशही वाकत जाताना दिसेल. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. काचेच्या केसासारख्या तंतूत हेच घडतं. अशा तंतूंतून प्रकाश दूरवर नेण्याच्या कामाबद्दल चार्ल्स काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता चौथीत व्हिडिओ न अडकता चालतो. एका विद्यार्थ्याने विचारलं, "बाई, मग जुना डबा कशाला ठेवलाय?" मी म्हटलं, "प्रकाशाची भाषा त्या एकट्यालाच येते रे!" तुम्हीही वायर काढण्याआधी कोणाला काय येतं ते बघा, मगच काम वाटून द्या.