गाडीतील म्युझिक सिस्टीम : कमी पैशात चांगले काम



मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावात गाडी ही क्वचितच नुसत्या हौसेची वस्तू असते. मालवाहू पिकअप असो वा प्रवासी जीप, ती घरची रोजी असते आणि अनेकदा कर्जावर घेतलेली असते. अशा गाडीत म्युझिक सिस्टीम बसवताना मालकाचा पैसा आणि खुद्द गाडी, दोन्ही पणाला लागतात. चुकीच्या वायरिंगमुळे शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटू शकते. म्हणून घेणारा ग्राहक आणि बसवणारा कारागीर या दोघांच्या उपयोगाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

१. वॅटचे खरे माप

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या पीएमपीओ वॅटवर जाऊ नका. हे आकडे मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस वॅट किती, एवढेच विचारा. साधा हिशेब पाहा. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला डेकमधील नेहमीच्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २६ वॅट देऊ शकतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मग खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेले असले तरी तो आकडा फाटलेल्या आवाजासह धरलेला असतो, हे ओळखावे.

२. पैसा कुठे घालावा?

दहा हजारांचे बजेट असेल तर आमचा सल्ला असा : चार हजार पुढच्या दोन स्पीकरला, तीन हजार डेकला आणि उरलेले तीन हजार वायर, फ्यूज, दरवाजाचे काम व मजुरी यांना ठेवावेत. मागचे स्पीकर नंतर घेता येतात.

स्पीकर घेताना त्याची सेन्सिटिव्हिटी पाहा. ती ३ डेसिबलने जास्त असली, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. म्हणजे ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जे काम करतो, त्यासाठी ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. चांगला स्पीकर निवडला की वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च बहुधा वाचतो.

३. बसवण्याची रीत

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. डेकची पिवळी वायर थेट बॅटरीच्या लाइनला, लाल वायर चावीवर चालणाऱ्या लाइनला आणि काळी अर्थला जाते. हे रंग डेकच्या जोडाचे आहेत. एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅगची वायरिंगही बहुधा पिवळीच असते. तिला हात लावू नये, टेस्टलॅम्पही लावू नये. नव्या गाडीची मूळ वायर न कापता त्या मॉडेलचा कपलर वापरावा.

स्पीकरच्या दोन्ही वायरी डेकपर्यंत स्वतंत्र न्याव्यात. निगेटिव्ह बॉडीला जोडल्यास डेकचा आयसी जळू शकतो. वायरीची दिशा ओळखण्यासाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. कोन बाहेर सरकला तर सेलच्या पॉझिटिव्हकडील टोक स्पीकरचे पॉझिटिव्ह समजावे. एक स्पीकर उलटा जोडला गेला की बेस गायब होतो आणि दोष विनाकारण मालाला लागतो.

दरवाजात स्पीकर नुसत्या पत्र्यावर कसू नये. वॉटरप्रूफ प्लायची रिंग सुताराकडून करून घ्यावी, पत्र्याची मोठी भोके बुजवावीत. पण खालची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत. कापण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन पाहावी.

अ‍ॅम्प्लिफायर लावलाच, तर त्याची मुख्य वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज घालावा. फ्यूज वायरीचे रक्षण करतो, म्हणून तो वायरीच्या क्षमतेहून मोठा नसावा. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट हवाच. विदर्भाच्या उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद सुटतो. जोड सोल्डर किंवा क्रिंप करून त्यावर हीटश्रिंक नळी चढवावी. अर्थ देताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट कसावा. इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी वाढत असेल, तर प्रथम हाच जोड तपासावा.

४. ट्रकवाल्यांसाठी

मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्टची लाइन असते. डेकसाठी एकाच बॅटरीवरून वायर ओढण्याची सवय वाईट. एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होते, मग दोन्ही लवकर बाद होतात. योग्य क्षमतेचा २४ वरून १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवावा.

५. धंद्याची बाब

कापड मीटरने मोजतात, धान्य किलोने. या धंद्याचे माप आरएमएस वॅट आहे. बिलावर आरएमएस वॅट, ओहम आणि वॉरंटी स्पष्ट लिहून द्या. गाडी परत देताना फ्यूज कुठे आहे, हे मालकाला दाखवा. फ्यूज उडाल्यास त्याजागी तार गुंडाळू नये, हेही बजावून सांगा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, याची आठवणही द्यावी.

स्वस्त माल विकणारे पुष्कळ मिळतील. पण ज्या कारागिराने जोडलेली गाडी दहा वर्षे निर्धोक धावते, त्याच्याकडे मालक पुढची गाडीही घेऊन येतो.