हातमोजे कसे निवडाल?

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकलने शाळेत येतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला निघाल्यावर हात किती गारठतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाडला तर थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरलेला आहे. अशा वेळी उपयोगी पडतात ते हातमोजे. आपण घरी त्यांना 'दस्ताने' म्हणतो.

मी शिकत असताना हातमोजे वापरत नसे. एकदा थंडीत सायकलवरून जाताना अचानक एक शेळी समोर आली. मी ब्रेक दाबू लागलो. पण बधिर झालेली बोटे वळेनात! शेळी वाचली, मी मात्र कुंपणावर आदळलो. गुडघे फुटले. त्या दिवशी मला हातमोज्यांचे महत्त्व कळले.

सायकलवर हात इतके गार का पडतात? थंडीत शरीर छाती व पोट उबदार ठेवण्यासाठी बोटांकडे जाणारे रक्त कमी करते. शिवाय हवा स्थिर असली, तरी ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवताना हातांवर तेवढ्याच वेगाचा वारा लागतो. हा वारा हातांजवळची उबदार हवा उडवून नेतो.

लोकर आपल्या धाग्यांत हवा धरून ठेवते, म्हणून ती ऊब देते. पण सैल विणीतून वारा आत शिरतो. अम्मीने किंवा नानीने विणलेले लोकरीचे हातमोजे असतील, तर त्यांवर घट्ट विणीच्या कापडाचे, थोडे मोठे हातमोजे घाला. सुती हातमोजे घामाने किंवा दवाने ओले झाले, की हात अधिकच गार पडतात.

फार घट्ट हातमोजे घेऊ नका. त्यांनी रक्त अडते आणि बोटे गारठतात. फार जाड हातमोजेही नकोत. ब्रेक नीट धरता येत नाही. तळव्याला रबर किंवा चामडे असेल, तर मूठ घसरत नाही. मनगट झाकले जाईल एवढी लांबी मात्र हवीच.

विकत घेण्यापूर्वी हातमोजे घालून पाहा. मूठ वळवा. सायकलचा ब्रेक दाबून पाहा. ब्रेक सहज दाबता आला, तरच ते घ्या. महाग तेच चांगले, असे मुळीच नाही. हात उबदार राहावेत आणि ब्रेकही वेळेवर लागावा, असे हातमोजेच खरे कामाचे!

शब्दार्थ
गारठणे – थंडीने गार पडणे
बधिर – स्पर्श न जाणवणारा
वीण – विणण्याची पद्धत
तळवा – हाताची आतली बाजू

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक कुंपणावर का आदळले?
(आ) लोकर ऊब का देते?
२. कारणे लिहा.
(अ) फार घट्ट हातमोजे घेऊ नयेत.
(आ) फार जाड हातमोजे सायकलसाठी योग्य नाहीत.
३. 'मोजे' हा शब्द उर्दूतही आहे. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे कपड्यांविषयीचे आणखी तीन शब्द लिहा.