लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळे जाड का दिसतात?

प्रश्न : आम्ही भावंडं मिळून आमच्या कुलवृत्तान्ताचं संकेतस्थळ तयार करतोय. त्यावर आईवडिलांच्या १९८८ सालच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट टाकायची आहे. दुकानातून ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पूर्वी टीव्हीवर छान दिसायची. आता मात्र सगळी मंडळी जाड दिसतात, कुणी हात हलवला की कडेला करवतीसारखे दाते फुटतात आणि तळाशी एक वेडीवाकडी पट्टी नाचत असते. कॅसेट खराब झाली का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. या तिन्ही तक्रारींत कॅसेटच्या वयाचा काही संबंध नाही. ती जुन्या टीव्हीसाठी भरली होती आणि तुम्ही ती नव्या पडद्यावर बघताय, एवढाच घोटाळा आहे.

दात्यांचं आधी बघू, कारण गंमत तिथेच आहे. भारतात १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीने. या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण एकही चित्र सबंध येत नाही. आधी एकाआड एक अशा २८८ ओळी येतात आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या गाळलेल्या २८८. पडदा सेकंदाला २५ वेळाच उजळला असता तर डोळ्यांना लुकलुक जाणवली असती. अर्धं-अर्धं चित्र दाखवल्याने तो ५० वेळा उजळतो, आणि पाठवायचा मजकूर मात्र वाढत नाही. ५० हा आकडा घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झशी जुळवून घेतलेला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, ओळींचा हिशोबही वेगळा. म्हणून तिकडून मामाने पाठवलेली बारशाची कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर धड लागत नसे.

आता तुमच्या कॅसेटमधला अंतरपाट दूर होतो आणि नवरी हार घालायला हात उचलते. पहिल्या २८८ ओळींत हात एका जागी आहे, पुढच्या २८८ मध्ये तो थोडा वर सरकलाय. जुना टीव्ही हे दोन क्षण एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकत्र विणून एकच चित्र करतो आणि हाताला दाते फुटतात. शांत बसलेल्या आजीला ते फुटत नाहीत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

यावरचा उपाय म्हणजे डीइंटरलेस करणं. हँडब्रेक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ते काम करतो. त्याच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस निवडा आणि त्यात ‘बॉब’ हा पर्याय घ्या. मग प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र होतं, सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि हालचाल जुन्या टीव्हीइतकीच सळसळती राहते. मात्र हे सगळ्यात आधी करायचं. चित्राचा आकार आधी लहान-मोठा केला तर सम-विषम ओळी एकमेकींत कालवल्या जातात, आणि मग ते दाते कुठल्याच प्रोग्रॅमला नीट काढता येत नाहीत.

जाडीचं कारण साधं आहे. तेव्हाचा पडदा ४:३ होता, आताचा १६:९. कुणीतरी चित्र ताणून पडदाभर केलंय, त्यामुळे प्रत्येक जण एक तृतीयांशाने रुंद झाला. ७६८ बाय ५७६ असा आकार ठेवा आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. ती घालवण्यासाठी वरून-खालून कापलंत, तर मुंडावळ्या तरी जातील नाहीतर पावलं तरी. तळाची पट्टी मात्र खुशाल कापा. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात. एकाचं वाचून संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, तो सांधा तिथे दिसतो. तो पूर्वीही होताच, पण टीव्हीच्या चौकटीआड लपायचा.

संकेतस्थळासाठी एचडॉटटूसिक्सफोर पद्धतीची एमपीफोर फाइल करा, ती कुठल्याही मोबाइलवर चालते. सेकंदाला दोन मेगाबिट पुरतात, म्हणजे तासाला साधारण ९०० एमबी. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकोनात खूण केलीत तर पूर्ण फाइल उतरण्याची वाट न बघता व्हिडिओ सुरू होतो. चित्र फोर-के करण्याच्या फंदात पडू नका. टेपवर जे नाहीच, ते कुठून येणार? आणि तीन तासांची कॅसेट सबंध कुणी बघत नाही, जेवणाच्या पंगतीची तर नाहीच. सीमान्तपूजन, मंगलाष्टकं, पाठवणी असे तीन-चार मिनिटांचे तुकडे करा. प्रत्येकाखाली माणसांची नावं लिहा. ती सांगणारी आत्या आहे तोवर हे उरकून घ्या, माझ्या मते चित्राच्या सफाईपेक्षा याचं मोल जास्त आहे.

मंगलाष्टकांवर शूटिंगवाल्याने सिनेमाचं गाणं चढवलं असेलच. तेव्हा तसा रिवाजच होता. यूट्यूबवर टाकलंत तर ते गाणं आपोआप ओळखलं जातं आणि व्हिडिओ अडकू शकतो. तिथला ‘अनलिस्टेड’ हा पर्यायही कुलूप नव्हे, दुवा मिळालेला कुणीही तो बघू शकतो. घरच्यांपुरतं ठेवायचं असेल तर संकेतस्थळालाच पासवर्ड लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही लहान केलेली फाइल फक्त दाखवायची प्रत आहे. जपायची प्रत वेगळी : काहीही न कापलेली, डीइंटरलेस न केलेली. डीव्ही पद्धतीत तिला तासाला १३ जीबी लागतात. ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली, त्यामुळे चालू यंत्रं कमीच होत जाणार. कोकणातल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नका, हेड खराब होतात आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागते. उरलेल्या कॅसेट दुकानात द्याल तेव्हा डीव्हीडी मागू नका, ती दाबून लहान केलेली असते. स्वतःची हार्ड डिस्क घेऊन जा आणि मूळ फाइल मागा.