चौघांनी फासे टाकताना

अगं, पहिल्यांदाच डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, होतेयस ना, म्हणून कानात एक सांगून ठेवते. राक्षस, नकाशे, वेगवेगळे आवाज काढणं, हे सगळं तुला जमेल. घोळ होतो तो चौघं मिळून एकच काम करायला निघतात तेव्हा.

समज, पहारेकऱ्यांची नजर चुकवून चौघांना किल्ल्यात शिरायचंय. तू म्हणतेस, 'सगळ्यांनी स्टेल्थ टाका.' डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १३, प्रत्येकाचा बोनस +४. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त हवेत. एकेकाला ६० टक्के संधी. ऐकायला बरं वाटतं, पण एक जण चुकला की सगळे पकडले असं ठरवलंस, तर चौघंही सुखरूप आत जाण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के उरते. मग खेळाडू शिकतात काय, तर लपतछपत जाण्यात अर्थ नाही, सरळ दार फोडा! आणि खापर फुटतं प्लेट आर्मरवाल्या पॅलाडिनवर. त्या बिचाऱ्याला स्टेल्थसाठी दोनदा फासा टाकून कमी आलेला आकडा घ्यावा लागतो. दोन-तीनदा सगळ्यांनी डोळे वटारले की तो म्हणतो, 'तुम्ही जा, मी बाहेरच थांबतो.' रविवारची दुपार काढून आलेल्या माणसाने बाहेर थांबायचं, हा काय खेळ झाला?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात यावर साधा तोडगा आहे. निदान निम्म्यांना जमलं की गटाला जमलं. त्याच चौघांची शक्यता एकदम ८२ टक्क्यांवर जाते. पॅलाडिन हमखास चुकणार असं धरलं, तरी उरलेल्या तिघांच्या जिवावर ६५. पण त्याचं चुकणं गिळून टाकू नकोस हं. चिलखत खणखणलं, पहारेकऱ्याने मान वळवली आणि रेंजरने त्याला दंडाला धरून खांबामागे खेचलं, असं रंगवून सांग. कुणी कुणाला सावरलं ते टेबलावर दिसू दे.

हा नियम सगळीकडे मात्र लावू नकोस. भिंतीवरची मंत्रचिन्हं ओळखायला चौघंही फासे उचलतात, तेव्हा प्रत्येकाला तीच ६० टक्के संधी धरली, तर एकाला तरी जमण्याची शक्यता ९७ टक्के असते. मग फासे टाकायचेच कशाला? तिथे विझार्डला टाकू दे. कुणी मदत केली, तर दोनदा टाकून मोठा आकडा घेऊ दे. बार्बेरियनने २० काढून विझार्डला जादू शिकवली की एकदा हसू येतं. दर वेळी तेच झालं तर विझार्ड रुसतो, आणि रास्तच आहे ते.

खरं सांगू? मला 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळाची रीत जास्त आवडते. सगळे टाकतात, सर्वांत चांगला निकाल गटाचा, पण वाईट फासा पडलेल्या प्रत्येकामागे एक ताण म्होरक्याच्या अंगावर. पुढारपणाची किंमत चांगलीच कळते.

कुठलीही रीत घे, पण फासे हातात असतानाच ती सांगून टाक. पडल्यावर सांगितलीस, तर त्यांना वाचवायला नियम वाकवलास असंच सगळ्यांना वाटेल.