लाली दिसायची वाट पाहू नका, हाताने चाचपून बघा

मैत्रिणींनो, बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, पण पाठीला जखम एकदम कशी झाली?" ती एकदम होत नाही. कातडी फुटायच्या आधीच आत बिघाड सुरू झालेला असतो, आणि बऱ्याचदा तो हाताला कळतो.

माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर पडला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबतं. तिथलं रक्त अडतं, पेशींना इजा होते आणि आत पाणी साचून सूज येते. ही सूज बारीक रक्तवाहिन्यांना अजून दाबते, म्हणजे त्रास वाढतच जातो. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'त्वचा लाल होते'. पण आपल्या सावळ्या रंगावर लाली कुठे दिसते? म्हणून बोटं वापरा.

सकाळ-संध्याकाळ अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू चाचपा. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा फुगीर, लिबलिबीत किंवा कडक लागते का? गरम किंवा गार लागते का? हात लावला की पेशंट कण्हतो का? लकवा झालेल्याला दुखणं कळेलच असं नाही, तेव्हा त्याच्या "काही नाही" वर जाऊ नका.

अशी जागा सापडली तर तिच्यावरचा दाब लगेच काढा. तेल लावून चोळू नका, आतलं मांस आणखी दुखावतं. खाली कापडाची चुंबळही नको. ती हंड्यासाठी ठीक, इथे तिच्या कडेने रक्त अडतं. साधारण दर २ तासांनी कूस बदला. ओढू नका, दोघांनी चादरीने उचला. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवा. लघवीने ओलं झालेलं कापड लगेच बदला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर जेवणात डाळ, अंडं, दूध वाढवा.

आता खरी अडचण : बाई रोजंदारीवर गेली तर दुपारी कूस कोण बदलणार? माझं मत स्पष्ट आहे, हे काम एकट्या सुनेचं नाही. घरातल्या पुरुषांना शिकवा, गटातल्या शेजारणींशी पाळी ठरवा.

सूज उतरत नसेल तर आशाताईंना दाखवा. फोड आला, जागा जांभळी-काळी पडली, वास किंवा ताप आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.